वार्दुशच्या दारावरची वरात

राजधानीत, येरेवानच्या टीव्हीवर एक बाई येते. गळ्यात मोत्यांची माळ, समोर पाण्याचा ग्लास आणि तोंडी कायम एकच तक्रार: या शान्सोनवाल्यांनी, म्हणजे लग्नांत न् रेस्टॉरंटांत रडकी गाणी गाणाऱ्यांनी, आपल्या लोकांची अभिरुची नासवली! तुरुंग, आई, परदेशी गेलेला भाऊ, मेलेला मित्र, याखेरीज यांना विषय नाही म्हणे. घोगरे गळे, रेस्टॉरंटातले लोक.

याच बाईच्या भाच्याच्या लग्नात आमच्या गावचा शान्सोनवाला रझमिक गायला होता. तेव्हा ही बाई काय करत होती, विचारा. "रझमिक जान, ते आईवरचं गा ना," म्हणून तीनदा माइकपाशी आली, आणि रडून रडून काजळ हनुवटीपर्यंत उतरवून घेतलं. सोमवारी पुन्हा टीव्हीवर, पुन्हा तीच मोत्यांची माळ! जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला.

रझमिक ते हसण्यावारी न्यायचा. त्याची बायको सिरानुश मात्र टीव्हीकडे चप्पल उगारायची. "अगं, टीव्ही आपला आहे," रझमिक म्हणायचा. "फोडलास तर त्या बाईचं काय जातंय?"

आमच्या ग्युमरी गावाला जुन्या राजवटीत लेनिनाकान म्हणत होते तेव्हाचा त्याचा जन्म. आई मोज्यांच्या गिरणीत, बाप न्हावी. बाप दिवसभर गावाच्या दाढ्या करायचा आणि रविवारी लग्नांत ढोल वाजवायचा. पोरगं बापाच्या मागे मागे हिंडून गायला शिकलं. गळा जन्मापासूनच खरखरीत. संगीतशाळेत घेऊन गेले, तर तिथल्या गुरुजींनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "घसा धुऊन ये, मग बघू." बापानं पोराचा हात धरला आणि दारातूनच ओरडला, "तुमचे कान धुऊन घ्या आधी!" आमच्या गावात प्रत्येकाच्या जिभेला धार असते. पोटाला नसलं तरी जिभेला कमी नाही.

मोठा झाल्यावर स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटात लागला. तिथं सरकारनं मंजूर केलेली गाणी गायची: ट्रॅक्टर, धरण, मैत्री. बडी मंडळी उठून गेली, दारं लागली, की मग खरं गाणं सुरू व्हायचं. आईची वाट बघणारा कैदी, सायबेरियात लाकडं तोडणारा भाऊ. स्वयंपाकी कढईवरून उठून बाहेर यायचे. कुणीतरी मेल्यानं चुगली केली. गाण्यासाठी तुरुंगात टाकलं म्हणायला त्यांनाही लाज वाटली असावी, म्हणून रेस्टॉरंटातलं मांस चोरल्याचा आळ घातला. मांस! अहो, जो माणूस कोंबडी कापताना अंगणाबाहेर जाऊन उभा राहतो, त्यानं मांस चोरलं! दीड वर्ष आत काढून आला. आवाज आणखी बसला होता आणि आता त्या कैद्याच्या गाण्यातलं प्रत्येक अक्षर त्याचं स्वतःचं होतं. कॅसेटवरून कॅसेट करत ते गाणं ट्रकवाल्यांनी पार रशियापर्यंत नेलं.

मग डिसेंबरातली ती सकाळ आली, भूकंप झाला आणि गाव आडवं झालं. रझमिकचा थोरला भाऊ शाळेच्या इमारतीखाली गेला, तो तिथं फक्त गळकं छप्पर बघायला गेला होता. त्या हिवाळ्यात आणि त्यानंतरही कितीतरी दिवस आमच्याकडे कुणी गायलं नाही. दारूचा पेला उचलून कुणी शुभेच्छा देत नव्हतं, नुसते प्यायचे. लोखंडी डबे आले, मालगाडीवरून उतरवलेले, त्यांत माणसं राहायला गेली. थोड्या दिवसांसाठी, असं सांगितलं होतं. थोडे दिवस! अजून राहताहेत.

त्या डब्यांच्या गल्लीत पहिलं लग्न निघालं तेव्हा प्रश्न पडला. आमची रीत अशी, की ज्या घरात सुतक आहे त्याच्या दारावरून वाजतगाजत जायचं असेल, तर आधी त्या दारात जायचं. यजमानानं स्वतः जायचं, गल्लीतल्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्यायचं, हातात भाकरी आणि बाटली घ्यायची आणि म्हणायचं, "तुमच्या दुःखापुढे आमचं सुख लहान आहे. वाजवू का?" आतलं माणूस "वाजवा" म्हणतं. नेहमी म्हणतं. वरात आली की ते दार उघडं ठेवून उंबऱ्यावर उभं राहतं, वाद्यं त्या घरापुरती गप्प होतात, माणसं छातीला हात लावून पुढे जातात आणि घर ओलांडलं की पुन्हा सुरू. नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मागायला जायचं, एवढंच.

पण त्या वर्षी दारं तरी किती? गल्लीतल्या प्रत्येक दारात मेलेलं होतं. बाबकेन, गल्लीतला वडीलधारा, भाकऱ्यांची टोपली घेऊन डब्या-डब्यापाशी फिरला. शेवटचं दार वार्दुशचं. तिचा नवरा गिरणीच्या भिंतीखाली गेला होता, पोरगा आर्तुश अजून मांडीवर बसणारा. वार्दुशनं भाकरी घेतली आणि बाबकेनच्या मागे उभ्या असलेल्या रझमिककडे बोट केलं. "वाजवा. आणि याला गायला लावा. तोंड शिवून हिंडतोय बैलोबा. भाऊ मेला म्हणून दोघांनी मरायचं का?"

रझमिक त्या दिवशी गायला. तेव्हापासून तो तिला मायरिक, म्हणजे आई, म्हणायला लागला. आई गेलेल्यांना आमच्याकडे दुसरी आई करून घ्यायची मुभा आहे. वयानं ती त्याच्याहून फार मोठी नव्हती, पण मान वयावर थोडाच असतो?

पुढे त्याचं नाव झालं. अमेरिकेतून बोलावणं आलं. कॅलिफोर्नियात आमची माणसं पुष्कळ. मोठ्या हॉलमध्ये, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, लोक त्याची डब्यातल्या घरावरची गाणी ऐकून हमसून हमसून रडले. कार्यक्रमानंतर एक दाढीवाला डॉक्टर गळ्यात पडून म्हणाला, "अजून डब्यांतच राहतात का रे आपले लोक? अहाहा, काय दर्द आहे! पुन्हा म्हण." रझमिकनं त्याचे हात गळ्यातून सोडवले. यांना रडायला डबा हवा, घर बांधायला कुणी यायचं नाही! ज्यानं कार्यक्रम ठरवले होते तो माणूस शेवटच्या दिवशी फोन बंद करून बसला. रझमिक उसन्या तिकिटावर घरी आला आणि सिरानुशला म्हणाला, "तिकडे कोथिंबिरीलाही वास नसतो."

आता गुर्गेनबद्दल सांगितलं पाहिजे, आणि सांगताना माझं डोकं फिरणार आहे.

हा गुर्गेन याच गल्लीतला. अंधाराच्या वर्षांत, वीज नव्हती तेव्हा, डब्यातून पेट्रोल विकायचा. पुढे रशियात इमारती बांधायची कंत्राटं मिळवली आणि गावातली पोरं तिकडे न्यायला लागला. आमच्याकडे काम नाही, पोरं जाणारच. वसंतात जायची, बर्फ पडायच्या आत परत यायची. गल्लीच्या वरच्या टोकाला गुर्गेननं काळ्या-तांबड्या दगडाचा वाडा बांधला, फाटकावर दोन सिंह बसवले. रझमिक ज्या रेस्टॉरंटात गायचा तेही त्यानं विकत घेतलं. गल्लीतल्या घराघरातला एकतरी माणूस त्याच्या कामावर. बाबकेनचे दोन्ही मुलगे त्याच्याकडे. त्यामुळे गुर्गेन खोकला तरी गल्ली "तब्येतीला जपा" म्हणायची.

वार्दुशचा आर्तुशही गेला होता. या सप्टेंबरात तो पेटीतून परत आला.

गुर्गेनचा मुकादम पेटीबरोबर आला होता. त्यानं दारातच सांगून टाकलं, "पिऊन चढला होता. तोल गेला." झालं! सांगितलं आणि वार्दुशनं दिलेली कॉफी प्यायला. आर्तुश आणि दारू! त्या पोराचं पोट लहानपणापासून नाजूक, लग्नातसुद्धा पेल्यात चेरीचं सरबत घेऊन बसायचा आणि सगळे त्याला चिडवायचे. गल्लीला हे ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. पण गल्ली काय म्हणाली? "तिकडं गेल्यावर माणूस बदलतो हो." ज्याच्या घरची भाकरी गुर्गेनच्या हातून येते त्यानं दुसरं काय म्हणायचं? सगळे मूग गिळून बसले. मातीला आले सगळे, पण सातव्या दिवशी वार्दुशनं टेबल मांडलं, गहू आणि मांस घोटून हरिसा शिजवली आणि निम्मी ताटं तशीच राहिली. दारुड्याच्या सातव्याला कशाला जायचं, आणि गेलो तर गुर्गेनला काय वाटेल!

वार्दुश रडत बसली नाही. तिनं एकच प्रश्न धरला होता. रशियातून परतलेला जो दिसेल त्याला ती गाठायची. "तू होतास तिथं. कसा पडला माझा पोरगा?" कुणी घड्याळ बघायचं, कुणी चपला. झावेनलाही तिनं विचारलं. झावेन म्हणजे रझमिकचा झुर्ना वाजवणारा, आमच्या सनईचा तो भाऊबंद. लग्नं नसतील तेव्हा तोही गुर्गेनच्या कामावर विटा चढवायला जायचा. "मी दुसऱ्या बाजूला होतो, मायरिक," एवढं बोलून त्यानं वाट बदलली. त्यानंतर तो त्या डब्यावरून जाईनासा झाला, मागच्या चिखलातून वळसा घालायचा.

अशात गुर्गेनच्या मुलाचं लग्न ठरलं. आर्तुशचा चाळिसावा दिवस, सुतक संपायचा, व्हायचा होता अजून. गल्लीतून बाहेर पडायला रस्ता एकच आणि तो वार्दुशच्या दारावरून.

रझमिकनं रेस्टॉरंटात गुर्गेनला विचारलं. विचारलं होतं त्यानं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी त्यालाच नावं ठेवली.

"गुर्गेन, मायरिककडे जाऊन आलास ना?"

"जाऊन आलो की." गुर्गेन डाळिंब सोलत होता. "बाबकेन होता बरोबर. भाकरी दिली, बाटली दिली. वाजवा म्हणाली. वर म्हणाली, रझमिकलाच गाऊ दे."

हे शेवटचं वाक्य! तेच ऐकून रझमिक विरघळला. लबाडाला कुठं बोट ठेवायचं ते बरोबर कळतं.

घरी सिरानुश त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. "तू स्वतः विचारलंस तिला?"

"यजमान विचारतो. यजमानानं सांगितल्यावर गाणारा पुन्हा विचारायला जात नाही. ते यजमानाला खोटं पाडण्यासारखं होतं."

"मग पाडायचं होतं खोटं! गुर्गेन कधीपासून खरं बोलायला लागला?"

"अगं, मेलेल्याच्या बाबतीत कुणी खोटं बोलतं का? इतका का माणूस खाली जातो?"

सिरानुशनं इस्त्री आपटली. "कॅसेटी काढून केस पांढरे झाले तुझे, पण अक्कल अजून बापाच्या ढोलामागेच चालते आहे."

वरात दुपारी निघाली. पुढे झावेनचा झुर्ना, बाजूला ढोल, मधे माइक घेतलेला रझमिक, मागे मोटारींची रांग. पहिल्या मोटारीत गुर्गेन, दुसऱ्यात नवरदेव. नवरी गावाच्या दुसऱ्या टोकाला सजून वाट बघत बसली होती. रझमिकचा आवाज लागला होता. डब्यांच्या पत्र्यांवर तो घुमत होता. बायका खिडक्यांतून डोकावत होत्या, पण टाळ्या वाजवत नव्हत्या. ते त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

वार्दुशचा डबा जवळ आला. रझमिकनं हात वर केला, की आता वाद्यं गप्प करायची, ती उघड्या दारात उभी असेल. दार बंद होतं. खिडकीला काळं फडकं. झुर्ना थांबला तेव्हा रझमिकचा सूर हवेत एकटाच राहिला आणि त्यानं तो चटकन गिळला.

दार किलकिलं झालं. वार्दुश बाहेर आली. काळा रुमाल, हाताला पीठ लागलेलं. तिनं मोटारींकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, मग रझमिककडे.

"कुणाचं लग्न आहे रे, पोरा?"

बास. एवढं पुरे होतं. रझमिकच्या कानशिलात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिला विचारणं राहू द्या, कुणी साधं सांगितलंही नव्हतं! आणि तिच्या पोराचा चाळिसावा व्हायच्या आत, तिच्याच दारात, तिचाच मानलेला मुलगा नाचाचं गाणं म्हणत आला होता.

तो वळला आणि गर्दीत बाबकेनला शोधलं. "बाबकेन काका, तुम्ही गेला होतात भाकरी घेऊन?"

बाबकेननं मिशी चावली. "मला कुणी बोलावलं नाही रे."

"मग न बोलावता जायचं होतं! पूर्वी टोपली घेऊन फिरायचात, आता पाय मोडले का?"

तोपर्यंत गुर्गेननं मोटारीची काच खाली केली होती. "काय झालं? का थांबलात?"

"उतर खाली, गुर्गेन."

"वेड लागलं का तुला? तिकडे माणसं खोळंबलीत."

"उतर. ती उभी आहे, मी उभा आहे. भाकरी मी माझ्या घरून आणतो. दोन पावलं चाल, डोकं वाकव, विचार. ती हो म्हणेल, तिनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. मग तुझ्या पोराच्या लग्नात घसा फाटेपर्यंत गातो."

दोन पावलं होती हो! दोन पावलं चालायला काय जात होतं? पण गुर्गेन त्या दाराकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला ठाऊक होतं, त्या उंबऱ्यावर पाय ठेवला की बाई कोणता प्रश्न विचारणार. वाजवायची परवानगी मागायला त्याची ना नव्हती. त्या प्रश्नापुढे उभं राहायची त्याची छाती नव्हती.

"रझमिक," तो दात आवळून म्हणाला, "माझ्या रेस्टॉरंटात गातोस. खाल्ल्या मिठाला जाग."

"मीठ मी गाऊन खाल्लंय. तुझ्या दारात हात पसरून नाही."

"नको गाऊस!" गुर्गेन ड्रायव्हरकडे वळला. "लाव रे याची सीडी. मोठ्यांदा लाव."

आणि ड्रायव्हरनं लावली.

मोटारीच्या दारांतून रझमिकचा आवाज फुटला. तरुणपणी काढलेलं लग्नातलं नाचाचं गाणं. टाळ्या, शिट्ट्या, 'हे जान, हे जान'. ज्याचा आवाज तो तिथं तोंड मिटून उभा, आणि आवाज वार्दुशच्या दारावर धिंगाणा घालतोय! माझं वय झालं, पण असं उघडं-वाघडं पाप मी दुसरं पाहिलं नाही. माणूस ऐकेना तर त्याचा आवाज पट्ट्यानं बांधून ओढत न्यायचा! मोटार सरकायला लागली. बाईनं दाराची चौकट धरली.

रझमिक मोटारीपुढे आडवा गेला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रझमिकनं उघड्या काचेतून कोपरापर्यंत हात घातला, बटणं दाबली, चुकीची दाबली, शिवी हासडली आणि शेवटी ती सीडी बाहेर काढून गुडघ्यावर मोडली. बोट कापलं. "हा आवाज माझा आहे," तो ओरडला. "तुझ्या डिक्कीतलं सामान नाही हा!"

रझमिक वार्दुशपुढे गेला. टोपी काढली. हातात भाकरी नव्हती, बाटली नव्हती, बोटातून रक्त ठिबकत होतं. "मायरिक, मला सांगितलं तू हो म्हणालीस. मी विश्वास ठेवला. गाढव मी. आता मागतो. तुझ्या दुःखापुढे यांचं सुख लहान आहे. वाजवू का?"

वार्दुशनं हाताचं पीठ झटकलं. मग, आमच्या गावात कधी कुणी बोललं नव्हतं ते बोलली.

"नाही."

बायकांनी तोंडावर हात ठेवले. बाबकेन मागे सरला, जणू तिनं दगड उचलला होता.

"आधी गुर्गेननं खाली उतरून सांगावं माझा पोरगा कसा पडला," ती म्हणाली. "मुकादमाकडून ऐकलं मी. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. दारू प्यायला होता म्हणायचं तर तसं म्हणावं, पण माझ्या डोळ्यांत बघून म्हणावं. तोवर या दारावरून कुणी वाजवत जायचं नाही."

गुर्गेननं काच वर केली. काच! एका आईला उत्तर म्हणून त्यानं मोटारीची काच वर केली. रझमिक त्या काचेवर तळहात आपटत राहिला. "बोल! तोंड आहे का गेलं? बोल की!"

"त्याला कशाला विचारतोस?"

हे झावेन बोलला होता. झुर्ना काखेत धरून, खाली मान घालून. "मायरिक, मी दुसऱ्या बाजूला नव्हतो. त्याच्या शेजारीच होतो."

वार्दुशनं त्याच्याकडे तोंड वळवलं.

"दोर नव्हता," झावेन म्हणाला. "कमरेला बांधायचा दोर असतो ना, तो. एकच होता आणि तोही कुजलेला. आर्तुशनं नवा मागितला. दोनदा मागितला. मुकादम म्हणाला, भीती वाटत असेल तर आईकडे जा. सगळे हसले. मी पण हसलो, मायरिक. वारा होता. तो चढला."

"आणि दारू?"

"कुठली दारू! सकाळचा चहा होता पोटात. त्याला खाली आणलं, तेव्हा मुकादमानंच बाटली आणली आणि त्याच्या शर्टावर ओतली. आम्हाला म्हणाला, ज्याला परत कामावर यायचंय त्यानं काही पाहिलेलं नाही. मी पाहिलं नाही. आम्ही कुणीच पाहिलं नाही."

आता काचेआड बसलेला गुर्गेन काही ओरडत होता, पण काचेमुळे ते कुणाला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या मोटारीतून नवरदेव उतरला होता आणि बापाच्या मोटारीकडे बघत तसाच उभा होता, पुढेही जाईना, मागेही येईना.

वार्दुशनं रुमाल सारखा केला. गल्लीकडे तोंड केलं. ती कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. "ऐकलंत? माझ्या पोरानं दोर मागितला होता! सगळ्यांनी ऐकलं ना? का अजून कुणी दुसऱ्या बाजूला होतं?"

मग ती नवरदेवाला म्हणाली, "जा तू. तिकडे कुणाची तरी लेक सजून बसली आहे, तिचा काय अपराध? तुझा बाप मागायला आला नाही, पण तिच्यासाठी देते. वाजवा."

परवानगी मिळाली. आणि झावेननं झुर्ना पिशवीत घातला. ढोलवाल्यानं पट्टा गळ्यातून काढला. रझमिकनं माइकची वायर गुंडाळून गुर्गेनच्या मोटारीच्या टपावर ठेवली. "मायरिक, तू दिलीस, तुझा जीव मोठा," तो म्हणाला. "पण आज मला गाता यायचं नाही." मोटारी एकामागून एक गेल्या, इंजिनांच्या आवाजाखेरीज काही नाही. नवरदेवानं आपल्या मोटारीतून छातीला हात लावला होता. पहिल्या मोटारीत कुणी लावला नाही.

रेस्टॉरंटाचा दरवाजा त्याच संध्याकाळी रझमिकला बंद झाला. झावेनला तर पुढे गावातल्या एकाही कंत्राटदारानं उभं केलं नाही. मुकादम अजून मुकादमच आहे, आणि मोत्यांच्या माळेवाली बाई अजून अभिरुचीवर बोलते. न्याय झाला असं कुणी मला सांगू नये, मी त्याच्या अंगावर धावून जाईन.

पण त्या दिवशी, मोटारींची धूळ खाली बसल्यावर, रझमिक आणि झावेन वार्दुशच्या डब्यात बसले होते, ती त्यांना कॉफी करत होती आणि सिरानुश रझमिकच्या बोटाला चिंधी बांधत त्याला शिव्या घालत होती, तेव्हा दारावर टकटक झाली. बाबकेन उभा होता. हातात भाकरी. त्याच्यामागे आणखी कोण कोण, सातव्या दिवशी न आलेले.

वार्दुश दारात गेली. बाजूला झाली नाही.

"काय काम काढलंत?"

"आर्तुशसाठी आलो," बाबकेन म्हणाला.

"कुठल्या आर्तुशसाठी? त्या दारुड्यासाठी?"

म्हाताऱ्यानं मागे बघितलं, मागच्यांनी खाली बघितलं. वार्दुश चौकटीला हात लावून उभीच. तिला घाई नव्हती. शेवटी बाबकेननं टोपी काढली आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या पोरासाठी आलो, वार्दुश. त्यानं दोर मागितला होता."

तेव्हा तिनं चौकटीवरचा हात काढला.